बाजू संपेपर्यंत

गास, नालासोपारा (पश्चिम)
१७ ऑक्टोबर २००४

प्रिय फर्डिनंड,

सीडी झाली. पुढच्या आठवड्यात जेम्स बहारीनला परत जातो आहे, त्याच्याजवळ देते. आईला जाऊन वर्ष होतं त्या दिवशीच्या मिस्सेआधी ती तुला मिळेल. हे पत्र मात्र पोस्टाने टाकते आहे. जेम्सजवळ दिलं तर तो तुझ्यासमोर बसून ‘काय लिहिलंय रे बहिणीने’ म्हणून विचारील आणि तू त्याला सांगशील. तू सारखा म्हणतोस तसा ईमेलही मला करता आला असता. पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून रागावता येत नाही. दोनदा लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा वाचताना माझं मलाच हसू आलं. मला हसायचं नाही, म्हणून कागद घेतला.

मी रागावले आहे हे तुला फोनवर कळलं असेल. नसेलही. तू शुक्रवारी फोन करतोस, पाऊसपाणी विचारतोस आणि लगेच कॉम्प्युटरवर येतोस. गेले दोन महिने आपण आईबद्दल म्हणून जे बोललो ते सगळं वायरीबद्दल होतं.

तेव्हा आधी वायरीचंच सांगते. टेपमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा एवढंच काम. मी वायरीचं एक टोक टेपला लावलं, दुसरं कॉम्प्युटरच्या मागे जे भोक सापडलं त्यात घातलं. आवाज आला तो फाटका, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. तू म्हणालास, ‘अगं हिल्डा, ते माइकचं. गुलाबी नाही, निळं भोक, निळं.’ निळ्यात घातली तर काहीच नाही, पडद्यावर सरळ रेघ. मग तू म्हणालास, ‘खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे, त्याच्यावर दोनदा टिचकी मार, रेकॉर्डिंगमध्ये जा, लाइन-इनवर खूण कर. शाळेत मुलांना काय शिकवतेस तू?’ मी मराठी शिकवते. खूण केली. आवाज आला आणि त्याच्या बुडाशी एक घुमघुम आली, फ्रिज सुरू झाला की वाढणारी. तू म्हणालास, घराला अर्थिंग नसेल. घराला अर्थिंग होतं. बाबांनी विहिरीपाशी ओल्या जागेत पट्टी पुरून घेतली होती. तू तिथे पंपाची खोली बांधायला सांगितलीस तेव्हा ती उपटली गेली. हे मी फोनवर बोलले नाही. फ्रिज बंद करून बसले. दूध नासलं.

मग आवाज जाड येऊ लागला, टेपचा रबरी पट्टा सैल झाला होता. कॅसेटमधलं तुझं बोलणं एखाद्या म्हाताऱ्या फादरच्या प्रवचनासारखं लांबत चाललं होतं. पट्टा बदलून आणला. हेड स्पिरिटने पुसलं. तू सांगितलंस की आधी वेव्ह फाइल करून ठेव, एमपीथ्री मागाहून कर, नाहीतर आवाजातला गर जातो. मी तसंच केलं. तू सांगितलेलं सगळं मी केलं. हे मला आधीच लिहून ठेवायचं आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुला ‘तिला काही जमलं नसेल’ असं वाटायला नको.

डबा तुला आठवत असेल, बिस्किटांचा, आईच्या कपाटातला. त्यात कॅसेटी आहेत आणि कॅसेटींत आई आहे, अशी तुझी समजूत होती. माझीही होती. पहिली लावली. ‘आई, मी फर्डी बोलतोय.’ दुसरी लावली, तूच. उलटी केली, तरी तू. तुझ्या खोलीतला एसी, तुझा मल्याळी मॅनेजर, वाळूचं वादळ, तुझी जुलाबाची गोळी. डबाभर तू होतास. आईचा शब्द नाही.

असं का झालं हे शोधायला मला वेळ लागला नाही. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. व्हेरोनिकामावशीकडून कालवण आलं तर पातेलं घासून त्यात चार केळी घालून जातात, केळी नसली तर मूठभर मीठ. तू बहारीनला गेल्यावर तुझी पहिली कॅसेट आली तेव्हा आईने ती कान लावून ऐकली, शेजाऱ्यांना ऐकवली आणि मग त्याच कॅसेटवर स्वतः बोलून, घरी वाळवलेल्या सुकेळ्यांच्या पुडक्यात घालून तुला परत पाठवली. तिला लिहिता येत नव्हतं. मी म्हटलं होतं, ही ठेव, मी स्टेशनवरून कोरी आणते. ती म्हणाली, ‘आलेलं भांडं ठेवून घ्यायचं? काय म्हनेल तो?’ आणि तुलाही हे कोणी शिकवायची गरज पडली नाही. तूही ऐकलीस, तिच्यावर बोललास, परत पाठवलीस. अशा दोन-तीन कॅसेटी कायम ये-जा करत असायच्या. झिजून आवाज पिचका झाला की आई ती डब्यात टाकायची. ती हातात असताना तिच्यावर शेवटचा बोललेला तूच असायचास. घरात फोन आला तेव्हा हा प्रकार थांबला. तोवर तुम्ही दोघे एकमेकांशी बोलत होतात आणि एकमेकांना पुसत होतात.

हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ‘असं कसं होईल? नीट बघ. बी बाजू बघितलीस?’ मग म्हणालास, ‘आजीचा आवाज ऐकवतो म्हणून एलिसाला मी सांगून ठेवलंय.’ तू आईच्या दफनाला आला नाहीस. रजा मिळाली नाही. वर्षाच्या मिस्सेलाही येणार नाहीस. तिथल्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली आहेस आणि नंतर घरी माणसं बोलावून त्यांना आईचा आवाज ऐकवायचा, असं तू आणि हेलनने ठरवलं आहे. एलिसाला आपली बोली येत नाही, निदान कानावर पडू दे, असं तू म्हणालास. ह्यात मला काही वाईट दिसत नाही. फक्त असं वाटलं की आईला अंथरुणावरून उठवायला, धुवायला, भरवायला माणूस लागत होतं तेव्हा ती इथली होती, आणि आता तिचं काही करावं लागत नाही तर ती तिकडे हवी आहे. आईचं काही मिळत नाही म्हटल्यावर तू विनोद केलास. ‘बरं मग, माझंच घे. पप्पा तरुणपणी कसे बोलायचे ते तरी एलिसा ऐकेल.’ मी तुझंच घ्यायला बसले. काम करताना राग आला तर काम चांगलं होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

घ्यायला बसले तरी तुझा आवाज गरजेपेक्षा जास्त ऐकायची मला हौस नव्हती. प्रत्येक बाजूला तुझं एक ठरलेलं वाक्य यायचं, ‘बरं, ठेवतो आता.’ ते आलं की मी दोन्ही यंत्रं बंद करून फाइल ठेवून द्यायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर असंच चाललं होतं. व्हेरोनिकामावशी फाटकातून ओरडली, ‘हिल्डा, त्या डबड्यासमोरून उठ, तुझ्या पानवेलीत गाय शिरलीय.’ मी तशीच धावले. गाय हाकलली, कूड नीट केला, मावशीचं दोन घटका ऐकून घेतलं. तिच्या मते कॉम्प्युटर हा नवराच असतो, समोर बसून राहायचं आणि तो मनाला येईल तेव्हा चालतो. मग आम्ही दोघी आत आलो. कॅसेटची बाजू संपून टेपचं बटण आपसूक वर आलं होतं. कॉम्प्युटर तसाच घेत बसला होता. पडद्यावर तुझ्या बोलण्याची जाड रेघ होती, मग थोडी सपाट, आणि मग पुन्हा जाड. मला वाटलं फ्रिज. तो भाग कापून टाकायला मी निवडला. कापण्याआधी सवयीने एकदा वाजवून पाहिला.

‘...उबवायला बसवलेली ती पन गेली. मुंगसाने नेली. अंडी मी हिल्डाला करून घातली, तिला सांगितलं नाय.’

मावशी दारातच खाली बसली. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, ‘हिला आत कोनी घेतली?’

कोणी घेतली नव्हती. ती तिथेच होती. तू कॅसेट मागे गुंडाळून तिच्यावर बोलायला लागायचास, आणि तुझं बोलणं संपायचं तिथे पुसणंही थांबायचं. त्याच्यापुढे आईने मागच्या खेपेला बोललेलं जे काही असेल ते तसंच राहायचं, वाक्याच्या मध्यापासून. मी सगळ्या कॅसेटी पुन्हा लावल्या आणि प्रत्येक बाजू संपेपर्यंत चालू दिली. पहिल्या वर्षांच्या कॅसेटींत काही नाही. तेव्हा तुला घरची आठवण येत होती आणि तू टेप संपेपर्यंत बोलत होतास. पुढे तू कमी कमी बोलत गेलास. जितका कमी बोललास तितकी आई उरली. तुझ्या कंटाळ्याने तिला वाचवलं. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे का, मला सांगता येत नाही.

मावशी मग रोज दुपारी येऊ लागली. ‘आज काय म्हनते तुझी आई?’ असं विचारायची, जशी काही आई बाजारातून यायची आहे. मीही तिला ऐकवत होते. चांगलं वाटत होतं, ते मी नाकारत नाही. एलिसासाठी मी हेच तुकडे घेतले आहेत. आई सुकेळी कशी उन्हात घालायची ते सांगते. कावळ्यांना शिव्या देते. एके ठिकाणी ती अर्धवट आठवलेलं लग्नाचं गाणं म्हणते आणि मध्येच थांबून म्हणते, पुढचं व्हेरोनिकाला येतं. मावशीने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे पुढचं म्हटलं. तेही मी घेतलं असतं, पण माइक कुठल्या भोकात घालायचा ते तेव्हा आठवलं नाही.

पण ऐकता ऐकता मला दुसरं एक दिसायला लागलं. आपल्या गावात कोणी सुरुवातीला मुद्द्याचं बोलत नाही. माणूस येतो, बसतो, गाईगुरांचं विचारतो, चहा पितो, उठतो, आणि उंबऱ्यात चप्पल घालताना म्हणतो, तुझा फवारणीचा पंप उद्या मिळेल का. आईही तशीच बोलायची. जे मागायचं ते शेवटी. आणि कॅसेटींत उरले आहेत ते सगळे शेवट. बाबांच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कुजला आहे, दगडी करू या का, कळव. नाताळात येतोस का, म्हणजे डुक्कर आत्तापासून राखते. तिचे डोळे दुखतात, तिकडे चांगलं औषध मिळतं का. आणि त्याच बाजूला, तिच्या ह्या बोलण्याच्या आधी, तिला उत्तर म्हणून तू जे बोललास ते आहे. सुकेळी मऊ पडली होती. शारजाला मॅच बघितली. क्रूस नाही, नाताळ नाही, डोळे नाहीत. एकदाही नाही. तिचं अर्धं बोलणं ऐकून तू कॅसेट मागे गुंडाळत होतास, दुसरा अर्थ मला लावता आला नाही. आईने तो क्रूस शेवटी केळी विकून केला, तुला माहीत आहे? ती म्हणायची, ‘तो कामात असतो.’

माझा राग तिथे सुरू झाला. तिथेच संपला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुझ्यावर रागावण्याची मला सवय आहे.

मध्ये सीडी राइट करायचं काम चालू होतं. पहिली अर्ध्यावर असताना लोडशेडिंग आलं. दुसरीच्या वेळी पडद्यावर मासे पोहायला लागले आणि लिहिणं अडकलं. तू म्हणालास, स्क्रीनसेव्हर बंद करायचा असतो, हे कोणीही सांगेल. तिसरी नीट झाली, पण मावशीच्या घरच्या प्लेअरमध्ये चालेना, कारण मी ती गाण्यांची न करता फाइलींची केली होती. मग तू वेग कमी कर म्हणालास, केला, आणि झाली. तू आवाज स्वच्छ करायलाही सांगितलं होतंस. ते मी केलं आणि पुसून टाकलं. खरखर गेली, पण आई बादलीतून बोलल्यासारखी वाटायला लागली. तुझ्या पाहुण्यांना थोडी खरखर चालवून घ्यावी लागेल. बिघडलेल्या सीड्या मावशीने मागून नेल्या. तिच्या वांग्यांवर त्या दोरीला टांगलेल्या आहेत, पाखरं येत नाहीत म्हणाली होती.

आता जे सांगायचं ते सांगते. मीही उंबऱ्यातच आले की.

अठ्ठ्याऐंशी साली मला निकोलसचं स्थळ आलं होतं. त्याच्या घरचे म्हणाले, मुलीला बाप नाही, तेव्हा भावाचा होकार यायला हवा. त्यांना उपासकाळाच्या आधी उत्तर हवं होतं, म्हणजे ते चाळीस दिवस सरून ईस्टर झाला की लग्न करता आलं असतं. आई म्हणाली, ह्या खेपेच्या कॅसेटमध्ये फर्डीला सांगते. मी शाळेत गेल्यावर ती बोलायला बसली. तुझी कॅसेट आली तेव्हाही मी शाळेत होते. घरी आले तर आई केळीची पानं कापत होती. म्हणाली, ‘फर्डीचं काय आलं नाय.’ मी विचारलं, काहीच नाही? ती म्हणाली, तू ऐक हवं तर. मी ऐकलं नाही. आपल्या लग्नाबद्दल भाऊ काय बोलला नाही हे टेप लावून ऐकायचं, एवढं मला जमलं नाही. उपासकाळ लागला. निकोलसच्या घरच्यांनी आगाशीची मुलगी बघितली. आता त्याची मुलं हायस्कुलात आहेत. बोर्डाचे पेपर तपासताना भेटतो, आईची चौकशी करायचा, ती गेल्यापासून करत नाही. त्याच्याबद्दल मला काही वाटत नाही, हे खरं आहे. त्याच्याशी झालं असतं तर बरं झालं असतं की वाईट, कोणाला ठाऊक. पण तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की माहीत होती. माझा भाऊ तिथे बसून गप्प राहिला, कारण आईजवळ कोणीतरी असणं त्याच्या सोयीचं होतं. ह्या माहितीवर मी इतकी वर्षं काढली. तू सुट्टीत यायचास, मी तुला मासे तळून वाढायची, आणि तुझ्या पाठीकडे बघून मनात म्हणायची, ह्याला हे गिळतं कसं.

ती कॅसेट डब्यात होती. तुझ्या भागात तू कंपनीच्या नव्या गाडीबद्दल बोलतोस, मग तिथल्या थंडीबद्दल, मग म्हणतोस, ‘हिल्डाला विचारलं म्हणून सांग. बरं, ठेवतो आता.’ मग कट् आवाज येतो आणि आई बोलते. मी तिचे शब्द जसे आहेत तसे उतरवते. तीनदा ऐकून उतरवले आहेत.

‘...ती गेली की मी नि ह्या भिंती. तर तू हो पन म्हनू नको नि नाय पन म्हनू नको. काय पन कळवू नको. त्यांना घाई हाय, उत्तर नाय आलं की ते दुसरीकडे बघतील. मी हिल्डाला सांगीन, फर्डीचं काय आलं नाय. ती जास्त विचारनार नाय, तिचा सोभाव तसा. रागावली तर तुझ्यावर रागावेल. तू लांब हायस, तुला लागनार नाय. मला हितं तिच्याबरोबर ऱ्हायचंय.’

त्यानंतर कोंबड्यांचा आवाज आहे आणि बटण बंद केल्याचा.

मावशी तेव्हा माझ्यामागे खुर्चीवर बसली होती. मी वळले तर ती चकित झालेली नव्हती. लुगड्याचा पदर सारखा करत म्हणाली, ‘बंद कर ते.’ मी बंद केलं नाही. मग म्हणाली, ‘मला इचारलं होतं तिने. मी म्हटलं, पोर आहे, जाऊ दे तिला, तुझं मी बघेन. दोन महिने माझ्याशी बोलली नाय. कालवन पाठवलं तर पातेलं रिकामं परत आलं.’ मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, ‘आनि तू काय केलं असतंस? तिला सोडून गेली असतीस?’ हे तिने टोमणा म्हणून विचारलं की खरंच, मला कळलं नाही. त्या दिवसापासून ती आलेली नाही. मीही बोलावलेलं नाही.

आईवर मी किती रागावले आहे हे तुला लिहून सांगता येणार नाही. शेवटच्या दोन वर्षांत मी तिला कुशीवर वळवायची तेव्हा ती माझा हात धरून म्हणायची, देवाने तुला माझ्यासाठी ठेवली. मी रडायची. तिने ठेवली होती, देवाने नाही, आणि हे तिला माहीत होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून हे म्हणू शकत होती. तिला एकटेपणाची भीती वाटली हे मला समजतं. तिने मला विचारलं असतं तर मी कदाचित राहिलेही असते. तिने विचारलं नाही. तिने माझा राग कुठे टाकायचा तेही आधीच ठरवून ठेवलं, शेण जसं घरापासून लांबच्या खड्ड्यात टाकतात तसं, आणि तो तिथेच पडत राहिला.

हा तुकडा सीडीत नाही. एलिसाला आजी हवी आहे, ती तिला मिळेल, कावळ्यांना शिव्या देणारी. हे पत्र फक्त तुला आहे आणि ते एवढ्यासाठी लिहिलं आहे. फादरांनी मिस्सेनंतर आईबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं आहे आणि मी हो म्हणून बसले आहे. उभं राहण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी. बाकी कॅसेटींत तू शेवट ऐकले नाहीस, हे तुझ्या उत्तरांवरून दिसतं. ह्या एका कॅसेटवरून काहीच दिसत नाही. ऐकून गप्प राहिलेला माणूस आणि न ऐकता गप्प राहिलेला माणूस, दोघे कॅसेटवर सारखेच ऐकू येतात. तू ऐकलं असशील, तर तू आईचं ऐकलंस, मला विकलंस, आणि त्याबद्दल इतकी वर्षं माझे टोमणे आणि तळलेले मासे दोन्ही निमूटपणे खाल्लेस. ऐकलं नसशील, तर तू काहीच केलं नाहीस. आई मात्र मरेपर्यंत समजत राहिली की तिच्या मुलाने तिचा शब्द पाळला, आणि मी समजत राहिले की माझ्या भावाने मला बांधून ठेवलं, आणि तू गाडीबद्दल बोलत होतास. ह्यातलं कोणतं जास्त वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही. तुझ्या उत्तराने मी तुला माफ करीन असं समजू नकोस. तिला करीन असंही नाही. पण रागवायचं कोणावर, तो माणूस तरी मला नक्की कळू दे. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू हसतोस. एक ओळ लिही. त्या वेळी तू ती बाजू संपेपर्यंत ऐकली होतीस का?

तुझीच,
हिल्डा